ग्रुपचे जीएसआर झालात? इंटरग्रुपला जाण्याआधी थोडं बोलू

बहुतेक जीएसआर (जनरल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपल्या ग्रुपतर्फे बाहेरच्या बैठकांना जाणारा प्रतिनिधी) असेच निवडले जातात. मीटिंग संपलेली असते, चहाचे कप गोळा झालेले असतात आणि सेक्रेटरी म्हणतो, "दोन मिनिटं बसा, बिझनेस मीटिंग आहे." जुन्या जीएसआरची मुदत संपलीय, आता कोण? सगळे एकदम चपला शोधायला लागतात. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणतं, "ह्याला करा, ह्याच्याकडे गाडी आहे." टाळ्या पडतात. आणि दारू सुटून जेमतेम दीड-दोन वर्षं झालेला माणूस घरी जाताना विचार करत राहतो, की आपण नेमके झालो कोण?

हा लेख त्या माणसासाठी आहे. बाई असाल तर तुमच्यासाठीही, आणि तुमच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना मदत करणाऱ्यांच्या संघटनेचा, आपल्या बोलण्यातल्या एएचा, एक साधा सदस्य. जाहीर ठिकाणी नाव आणि चेहरा द्यायचा नाही ही आपली अकरावी परंपरा (एए ज्या बारा तत्त्वांवर चालतं त्यांना परंपरा म्हणतात), म्हणून नाव लिहीत नाही. खाली जे आहे ते माझं मत आणि माझ्या चुका. एएतर्फे बोलायचा अधिकार मला नाही, तसा तो कोणालाच नाही.

पहिल्यांदा त्रिकोण उलटा धरा

इंटरग्रुप म्हणजे आपलं हेडऑफिस, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. आपल्याला सवयच तशी. कंपनीत साहेब आणि त्यावर मोठे साहेब, पक्षात शाखाप्रमुख आणि त्यावर जिल्हाप्रमुख. एएत सगळ्यात वर ग्रुप असतो. तुमच्या शाळेच्या खोलीत मंगळवारी संध्याकाळी बसणारी ती बारा माणसं. त्यांच्या खाली इंटरग्रुप, म्हणजे एका शहरातल्या किंवा आसपासच्या तालुक्यांतल्या ग्रुपांनी मिळून चालवलेली सेवा. त्याखाली एरिया. आणि अगदी तळाला, मुंबईत भायखळ्याला, देशाचं जनरल सर्व्हिस ऑफिस, ज्याला सगळे जीएसओ म्हणतात. मराठी पुस्तकं आणि पत्रकं तिथून येतात. एरियांनी निवडलेले डेलिगेट देशपातळीवरच्या कॉन्फरन्सला बसतात आणि तिथे सगळ्या ग्रुपांना लागू पडणारे प्रश्न चर्चेला येतात.

खालच्या कोणालाही वरच्याला हुकूम देता येत नाही. मीटिंग किती वाजता घ्यायची, किती वेळ चालवायची, सुरुवातीला काय वाचायचं, चहा आधी की नंतर, हे ग्रुपचं ग्रुप ठरवतो. चौथी परंपरा तेच सांगते. फक्त एक अट आहे, की आपल्या करण्याचा त्रास दुसऱ्या ग्रुपला किंवा सगळ्या एएला होता कामा नये.

अमेरिकेतल्या पुस्तिका वाचणाऱ्यांचा इथे थोडा घोळ होतो. तिकडे ग्रुप, डिस्ट्रिक्ट, एरिया ही एक वाट आणि इंटरग्रुप ही बाजूने जाणारी दुसरी वाट, अशा दोन आहेत. आपल्याकडे ग्रुपला रोजच्या व्यवहारात भेटतो तो इंटरग्रुपच. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसमधले मित्र 'एरिया' आणि 'रीजन' म्हणतात. ही ड्रग्ज सोडणाऱ्यांची अशीच संघटना, १९५३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. त्यांच्यात ग्रुपचे जीएसआर एरिया कमिटीत बसतात आणि एरियांचे प्रतिनिधी रीजनमध्ये. पाट्या वेगळ्या असल्या तरी वळण तेच, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर क्लीव्हलँडची गोष्ट ऐका. एए सुरू झालं १९३५ मध्ये, अ‍ॅक्रन नावाच्या गावात, दोन दारुड्यांच्या बोलण्यातून. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९३९ मध्ये, शेजारच्या क्लीव्हलँडमधल्या 'प्लेन डीलर' या वर्तमानपत्राने एएवर लेखमाला छापली. गावात तेव्हा सोबर, म्हणजे दारू सुटलेली, माणसं होती वीसेक आणि दारात येऊन पडल्या शेकडो चौकश्या. जो स्वतः चार आठवड्यांपूर्वी थांबला होता, त्याला काल आलेल्याचा हात धरावा लागला. कोणाच्या घरी कोण जाणार, कुठल्या हॉस्पिटलात कोण, नवीन ग्रुप कुठे सुरू करायचा, हे ठरवायला त्यांनी सगळ्या ग्रुपांची मिळून एक समिती केली आणि तीतली माणसं ठरावीक काळाने बदलायची असंही ठरवलं. स्पॉन्सरची, म्हणजे नव्याचा हात धरणाऱ्या जुन्या सदस्याची, पद्धतही त्याच धांदलीत रुळली. म्हणजे इंटरग्रुप कोणी आखून काढलेला नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, एवढ्या गरजेतून तो उभा राहिला.

जायच्या आधी: एक वही, आणि ग्रुपची खरी माहिती

दोनशे पानी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका. फोन बदलतो, आणि मुदत संपल्यावर फोन काही पुढच्याच्या हातात देता येत नाही.

पहिल्या पानावर ग्रुपचं नाव, मीटिंगचे वार, वेळ, पूर्ण पत्ता, जवळची खूण, मीटिंग खुली की बंद, भाषा, आणि ग्रुपच्या दोन माणसांचे फोन. खुल्या मीटिंगला कोणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, डॉक्टर, पत्रकार. बंद मीटिंग फक्त ज्याला दारू सोडायची इच्छा आहे त्याच्यासाठी. हा फरक यादीत नीट लिहिलेला नसला, की बाहेरगावाहून नवऱ्याला घेऊन आलेली बाई दारातच अडते.

ही माहिती इंटरग्रुपकडे पोचवणं हे तुमचं पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. का ते सांगतो. मी जीएसआर झालो त्या वर्षी शाळेने मंगळवारी खोली द्यायचं बंद केलं, म्हणून आम्ही बुधवारवर आलो. आम्हा सगळ्यांना माहीत होतंच. इंटरग्रुपच्या यादीत मात्र मंगळवारच राहिला, कारण पुढच्या बैठकीला मी गेलो नाही आणि त्याच्या पुढच्या वेळी विसरलो. एके दिवशी वॉचमन म्हणाला, "साहेब, काल एक माणूस आला होता. पांढरा सदरा, हातात पिशवी. गेटला धरून उभा होता. म्हणाला, इथं दारू सोडायची मीटिंग असते ना? मी म्हणालो, उद्या या. पाऊणएक तास बसला कट्ट्यावर. मग शेवटची एसटी गाठायची म्हणून गेला." तो माणूस पुन्हा आला नाही. कुठला होता, काय झालं, काही कळलं नाही.

तेव्हापासून वार, वेळ किंवा जागा बदलली, की त्याच रात्री इंटरग्रुपला फोन करायचा आणि पुढचे दोन महिने जुन्या वेळेला, जुन्या जागी, एका माणसाने गेटवर उभं राहायचं, असं आमच्या ग्रुपने ठरवलं.

बैठकीत काय होतं

साधारण महिन्यातून एकदा, रविवारी. शांतीच्या प्रार्थनेने सुरुवात, हजेरी, मागच्या बैठकीचा वृत्तांत, खजिनदाराचा हिशेब, मग समित्यांचे अहवाल. हेल्पलाइन, हॉस्पिटल आणि तुरुंग, लोकांपर्यंत माहिती पोचवणारी पीआय, पुस्तकं, वर्धापनदिन. मग ग्रुपांचे अहवाल. इथे तुमची पाळी येते.

अहवाल दोन मिनिटांचा ठेवा. किती मीटिंग झाल्या, सरासरी किती माणसं, नवीन किती आले आणि त्यातले किती पुन्हा दिसले, कुठे अडलंय. "आमचा ग्रुप परमेश्वराच्या कृपेने उत्तम चालू आहे" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि त्यातून आजवर कोणाला काही कळलेलं नाही. "तीन महिन्यांत नऊ नवीन आले, एक टिकला, आमचं काय चुकतंय?" असं विचारलंत, तर त्या खोलीतली पाच माणसं चहाच्या वेळी तुमच्याजवळ येतील. एक विचारेल, नवीन माणसाला दुसऱ्या दिवशी फोन कोण करतं? दुसरा विचारेल, त्याच्या शेजारी बसतं कोण? इंटरग्रुपचा खरा उपयोग बराचसा त्या चहातच होतो.

पहिल्या दोन बैठका ऐका आणि लिहा. जुने लोक घटना-नियमांवरून तासभर भांडतील. घाबरू नका, बहुतेक वेळा ते वीस वर्षांपूर्वीच्याच भांडणाचा पुढचा भाग असतो.

मतदानाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या माणसाचा घोटाळा इथेच होतो. महत्त्वाचा विषय आधी माहीत असेल, तर तो ग्रुपमध्ये मांडून सगळ्यांचं मन जाणून घ्या. त्याला आपल्यात ग्रुप कॉन्शन्स म्हणतात. पण तुम्ही ग्रुपचे पोस्टमन नाही. बैठकीत नवीन माहिती पुढे आली, तर तिथल्या तिथे विचार करून मत द्यायचा विश्वास ग्रुपने तुमच्यावर टाकलेला असतो. परत येऊन "तुम्ही असं म्हणाला होतात, पण मी वेगळं मत दिलं, कारण हे हे" एवढं प्रामाणिकपणे सांगा. मोठ्या विषयावर नुसत्या बहुमतावर भागवत नाहीत, दोन तृतीयांश मतं मिळवायचा प्रयत्न होतो. निकालानंतर हरलेल्या बाजूला पुन्हा बोलायची संधी देतात. मी दोनदा असं पाहिलंय, की एकट्या पडलेल्या बाई शेवटी दोन वाक्यं बोलल्या आणि अख्खा ठराव मागे घेतला गेला.

डेलिगेटच्या निवडणुकीत तर आणखी गंमत आहे. दोन तृतीयांश मतं कोणालाच मिळेनात, तर पुढे असलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात आणि एक उचलतात. पॅनेल, गट, जेवणावळी, सगळं त्या एका चिठ्ठीपुढे वाया जातं. ग्रामपंचायतीला ही पद्धत लावली तर काय होईल, असा विचार माझ्या मनात दरवेळी येतो. असो.

डब्याचा हिशेब

सातवी परंपरा: आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरून पैसा घ्यायचा नाही. मीटिंगमध्ये वर्गणीचा डबा फिरतो. पहिल्यांदा आलेल्या माणसापुढे तो जात असेल, तर सेक्रेटरीने हळूच सांगावं, "तुम्ही आज काही टाकू नका, आज तुम्ही पाहुणे."

समजा, महिन्याला डब्यात दोन हजार रुपये जमतात. शाळेला लाइटबिलापोटी ५००, चहा-बिस्किटं ६००, पत्रकं आणि पुस्तकं २००. उरले ७००. त्यातून आधी ग्रुपची थोडी शिल्लक तयार करा, दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल इतकी. ती झाली, की पुढचं सगळं खाली पाठवायचं. इंटरग्रुपला किती, एरियाला किती, जीएसओला किती, ते ग्रुप ठरवेल. ग्रुपकडे पंधरा-वीस हजार साठले, की काय होतं ते मी पाहिलंय. तोपर्यंत सगळे पायऱ्यांवर, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या आपल्या बारा टप्प्यांवर, बोलत असतात, त्यानंतर स्पीकर सिस्टिमवर बोलायला लागतात.

डबा दोघांनी सगळ्यांसमोर मोजायचा, वहीत लिहायचा, दोघांनी सही करायची. कोणावर संशय आहे म्हणून असं करायचं, असं मुळीच नाही. नुकत्याच सोबर झालेल्या माणसाच्या खिशात रात्रभर दुसऱ्याचे सातशे रुपये ठेवणं म्हणजे त्याचीच परीक्षा पाहणं. एक चांगला मित्र आम्ही असाच काही महिने गमावला. पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्या लाजेने तो मीटिंगला यायचा थांबला आणि पुन्हा प्यायला लागला.

बाहेरचा पैसा का नको, हे आपल्या महाराष्ट्रात समजावून सांगायला वेळ लागत नाही. एखादा नगरसेवक येतो, म्हणतो, "फार चांगलं काम करता, हॉलचं भाडं मी बघतो." पुढच्या आठवड्यात गेटवर त्याच्या फोटोचा फ्लेक्स. मग दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता, जो सगळ्यांत जास्त पितो, तो या दारातून आत येईल का? आमच्याकडे असा प्रसंग आला तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना खुल्या मीटिंगला बोलावलं, चहा पाजला आणि हात जोडले. थोडे नाराज झाले. वर्षभराने त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला आमच्याकडे पाठवलं.

सुरुवातीच्या अमेरिकनांना तर पैसा हवा होता. व्यसनी लोकांसाठी हॉस्पिटलं काढायची, पगारी प्रचारक नेमायचे, अशी स्वप्नं होती. म्हणून ते धनाढ्य रॉकफेलरकडे गेले. त्यांनी १९३८ मध्ये ५,००० डॉलर दिले आणि जास्त पैशाने हे काम बिघडेल अशी शंका काढली. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांच्या नावाने न्यूयॉर्कमधल्या श्रीमंतांना जेवण दिलं गेलं. एएच्या लोकांना वाटलं, आता पैशांचा पाऊस. पण आजारी वडिलांच्या जागी उभ्या राहिलेल्या मुलाने पाहुण्यांना सांगितलं, की ह्या कामाला सदिच्छा हवी, पैसा नको. पाहुणे टाळ्या वाजवून घरी गेले. पुढे १९४८ मध्ये एका मृत्युपत्रातून १०,००० डॉलर आपणहून चालत आले, तेव्हा विश्वस्तांनीच ते नाकारले. तोपर्यंत ते शहाणे झाले होते.

फोन वाजतो तेव्हा

इंटरग्रुपची हेल्पलाइन असते आणि तिच्यासाठी ग्रुपांकडून नावं मागवतात. तुम्ही आपल्या ग्रुपमधून दोन-तीन नावं द्या, आणि ती देताना त्या माणसांना विचारून द्या. निदान वर्षभर सोबर, संध्याकाळी मोकळे आणि घरच्यांना हे माहीत असलेले.

अनुभवातून आलेल्या चार गोष्टी. फोन बायकोचा किंवा आईचा असेल तर शांतपणे ऐका, पण शेवटी "त्यांना स्वतःला बोलायचं आहे का?" हे विचाराच. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, १९५१ पासूनची स्वतंत्र संघटना. तिचा नंबर जवळ ठेवा. दुसरं, भेटायला कधीही एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. तिसरं, बाईंचा फोन आला तर बोलायला बाईच हवी. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नसेल तर इंटरग्रुपमधल्या बायकांच्या यादीतून नाव मागा. आपल्याकडे बाई प्यायली, की तिचं नाव गावभर होतं. त्यामुळे पहिल्या फोनला ती खोटं नाव सांगेल, आणि ते तसंच चालू द्यायचं. पुरुष सदस्यांनी "ताई, मी समजावतो" म्हणून घरी जाण्यात तिच्यासाठी धोका आहे आणि एएच्या नावालाही.

चौथी गोष्ट कधीच विसरू नका. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला, तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं, असं काहीही होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. आपण डॉक्टर नाही. "मीही घरी बसूनच सोडली होती, काही होत नाही," हे वाक्य फोनवर तोंडातून जाऊ देऊ नका. त्याला हॉस्पिटलात पाठवा. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, हे दोन्ही नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. माणूस बरा होऊन डिस्चार्ज घेतो त्या संध्याकाळी आपलं काम सुरू होतं.

व्यसनमुक्ती केंद्रं आणि आपण

पुण्याचं मुक्तांगण, जे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, किंवा मुंबईत फादर जो परेरांनी १९८१ मध्ये उभं केलेलं कृपा फाउंडेशन, ही नावं मराठी घरात माहीत आहेत. अशा केंद्रांशी सहकार्य जरूर करायचं. त्यांनी बोलावलं तर दोघांनी जाऊन आपली कहाणी सांगायची, मीटिंगची यादी द्यायची. पण एए कुठल्याच केंद्राचं नाही आणि कुठलंही केंद्र एएचं नाही. अमुक केंद्र चांगलं, तमुक वाईट, असं ग्रुपच्या नावाने सांगायचं नाही. कोणी केंद्रवाला "माणूस पाठवलात तर बघू काहीतरी" म्हणाला, तर तिथून उठायचं आणि पुढच्या बैठकीत इंटरग्रुपच्या कानावर घालायचं.

हॉस्पिटल, तुरुंग किंवा पोलीस ठाण्यात आपल्या ग्रुपच्या नावाने परस्पर जाऊ नका. इंटरग्रुपच्या समितीमार्फत जा. अधीक्षकाला एकच पत्र, एकच संपर्काचा माणूस आणि ठरलेल्या वेळेला न चुकता येणारी माणसं हवी असतात. तीन ग्रुपांची तीन पत्रं गेली, की दार बंद होतं.

दारूबंदीच्या मोर्चाचं काय?

हा प्रश्न गावाकडच्या प्रत्येक जीएसआरसमोर येतो. महिला मंडळ येतं. बाटली आडवी करायचं मतदान आहे, तुम्ही तर दारूने काय होतं ते भोगलंय, बॅनर घेऊन या. नाही कसं म्हणायचं?

ग्रुप म्हणून नाहीच म्हणायचं. दहावी परंपरा सांगते, की बाहेरच्या प्रश्नांवर एएला मत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. ह्या प्रत्येक निर्णयावर सदस्यांची मतं टोकाची आहेत, आणि मी ती मीटिंगबाहेरच्या टपरीवर रंगताना ऐकली आहेत. आत मात्र बारचा मालकही सोबर व्हायला येऊ शकला पाहिजे. तुम्ही नागरिक म्हणून मोर्चात जा, बायकोबरोबर घोषणा द्या, मतदान करा. फक्त तिथे "मी एएचा" म्हणू नका.

अमेरिकेत एएच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरच्या सहा दारुड्यांनी एकमेकांना शपथ देऊन अशीच एक चळवळ सुरू केली होती. वॉशिंग्टोनियन असं तिचं नाव. हजारो लोक आले. मग ती दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली, भांडणं झाली आणि काही वर्षांत विरून गेली. आपल्या परंपरा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं.

नवीन ग्रुप उभा करताना

दोन दारुड्यांचं भांडण आणि एक चहाची किटली एवढ्यावर नवीन ग्रुप होतो, असं आपल्यात गमतीने म्हणतात. भांडणातून निघालेले ग्रुपही टिकलेले मी पाहिलेत. पण जरा विचार करून काढलात तर बरं.

जागा आधी बघा. मंदिराचा सभामंडप फुकट मिळतो, पण तिथे शेख किंवा कांबळे मोकळ्या मनाने येतील का, हे त्यांना विचारा, स्वतःला नको. पक्षाचं कार्यालय नको. शाळा, ग्रंथालय, समाजमंदिर, चर्चचा हॉल, जे सगळ्यांना आपलं वाटेल ते. भाडं थोडं का होईना द्याच. वेळ ठरवताना शेवटच्या एसटीची वेळ बघा, आणि शेतीचं गाव असेल तर सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी सातला कोणी येणार नाही हे धरून चाला.

मग इंटरग्रुपला कळवा आणि मदत मागा. सुरुवातीची पुस्तकं-पत्रकं मिळतात. त्याहून मोलाची मदत म्हणजे माणसं. जवळच्या ग्रुपांनी पाळी लावून पहिले तीन महिने दर आठवड्याला दोन जुनी माणसं पाठवायची. कारण पहिल्या महिन्यात तुम्ही दोघेच एकमेकांकडे बघत बसाल, आणि नेमका पाचव्या आठवड्यात नवीन माणूस येईल. तेव्हा दिवा चालू पाहिजे.

आपल्याकडे मौसमही असतात. गटारीच्या आठवड्यात मीटिंगा वाढवा, वर्षअखेरीलाही. श्रावणात मात्र फसू नका. महिनाभर न पिणारे बरेच जण तेव्हा येतात आणि खोली भरलेली दिसते. खरी गरज गणपती बसले की लागते, तेव्हा श्रावणातल्या प्रत्येकाला एक फोन करा.

इंटरग्रुप काय करू शकत नाही

एखाद्या ग्रुपमध्ये दोघांचं जमत नाही, एक जण दहा वर्षं खुर्ची सोडत नाही, कोणी मीटिंगमध्ये आपल्या गुरूचा प्रचार करतो. लोक इंटरग्रुपकडे तक्रार आणतात, "ह्याला काढा." इंटरग्रुप कोणालाच काढू शकत नाही. तिसऱ्या परंपरेप्रमाणे दारू सोडायची इच्छा असली, की माणूस सदस्य. इंटरग्रुप अनुभवी माणसं पाठवू शकतो, परंपरांवर एक सत्र घेऊ शकतो, दुसऱ्या ग्रुपने हेच कसं सोडवलं ते सांगू शकतो. बाकी ग्रुपने बसून सोडवायचं. ह्याचा कधीकधी फार वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

पण मारहाण, बाईशी गैरवर्तन, धमकी, हे परंपरांचे विषय नव्हेत. तिथे पोलीस आहेत. अनामिकता म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. आणि ग्रुपला आपली मीटिंग सुरक्षित ठेवायचा पूर्ण हक्क आहे, त्रास देणाऱ्याला "इथे येऊ नका" असं सांगण्याचाही.

मुदत संपताना

मुदत बहुधा दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी कोणालातरी बरोबर घेऊन बैठकांना जायला लागा, म्हणजे त्याला चपला शोधायची वेळ येणार नाही. "मी गेलो तर कोण करणार?" असं वाटायला लागलं, की तुमची जायची वेळ नक्की झाली.

शेवटच्या बैठकीहून परत आलात, की वही पुढच्याच्या हातात द्या. पण त्याआधी पहिलं पान पुन्हा वाचा. वार बरोबर आहे का, वेळ बरोबर आहे का, आणि शाळेच्या वॉचमनचा नंबर तोच आहे का, ते त्याला फोन लावून बघा.